गाडी तीच, की नाव तेच?

१९९० साली लंडनच्या न्यायालयापुढे एक चमत्कारिक प्रश्न आला. विकायला काढलेली एक जुनी मोटारगाडी ही साठ वर्षांपूर्वी फ्रान्समधली मोठी शर्यत दोनदा जिंकलेली तीच गाडी आहे का? विकणारा म्हणत होता, तीच. घेणारी कंपनी म्हणत होती, नाही. त्या गाडीतले आता हिच्यात काही उरलेलेच नाही. सौदा होता एक कोटी पौंडांचा, त्यामुळे प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

आपल्या घरात असा वाद झाला तर आपण म्हणू, ‘अहो, गाडीचे कागद बघा, चासी नंबर बघा, म्हणजे मिटलं.’ या गाडीला नंबर होता आणि कागदही होते, तरीही वाद मिटला नाही. का मिटला नाही आणि शेवटी कसा मिटला, हे पाहताना एखादी वस्तू ‘खरी’ आहे असे आपण कशाच्या आधारावर म्हणतो, याची चांगली उजळणी होते. इतिहास शिकवणाऱ्या आणि विज्ञान शिकवणाऱ्या शिक्षकांना हा प्रश्न सारखाच जवळचा आहे. म्हणून ही हकिगत जरा तपशिलात पाहू या.

शर्यतीची गाडी

वॉल्टर ओवेन बेंटली या इंग्रज इंजिनिअरने १९१९ साली आपली मोटार कंपनी काढली. फ्रान्समध्ये ल मान्स येथे १९२३ पासून चोवीस तासांची शर्यत सुरू झाली. साध्या रस्त्यांच्या वळणावळणाच्या मार्गावर सलग एक दिवस आणि एक रात्र गाडी पळवायची, दोन चालकांनी आळीपाळीने चालवायची, आणि त्या वेळात जी गाडी सर्वांत जास्त अंतर कापील ती पहिली, असा तिचा नियम. बेंटलीच्या गाड्यांनी ही शर्यत १९२४ साली आणि नंतर १९२७ ते १९३० अशी सलग चार वर्षे जिंकली.

या यशामागे एक धनाढ्य माणूस होता. त्याचे नाव वुल्फ बार्नाटो. दक्षिण आफ्रिकेतल्या हिऱ्यांच्या खाणींवर त्याच्या वडिलांनी अफाट संपत्ती मिळवली होती. १९२६ मध्ये बार्नाटोने कंपनीत पैसा घातला आणि तो तिचा अध्यक्ष झाला. पण तो नुसता पैसा पुरवून थांबला नाही, गाडीही स्वतः चालवू लागला. ल मान्सला तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

यांपैकी १९२९ आणि १९३० चे विजय बेंटलीच्या ‘स्पीड सिक्स’ या मॉडेलच्या गाडीने मिळवून दिले. १९२९ ला बार्नाटोचा जोडीदार होता टिम बर्किन. चोवीस तासांत गाडी सुमारे २,८४४ किलोमीटर धावली, म्हणजे ताशी साधारण ११८ किलोमीटर. १९३० ला जोडीदार होता ग्लेन किडस्टन आणि अंतर होते सुमारे २,९३१ किलोमीटर. १९२९ च्या शर्यतीत या गाडीवर १ हा आकडा रंगवला होता. त्यावरून पुढे तिला ‘ओल्ड नंबर वन’, म्हणजे ‘जुनी नंबर एक’, असे नाव पडले. तिच्या नोंदणीचा क्रमांक होता एमटी ३४६४. अशी कीर्ती असलेली दुसरी बेंटली नाही. साठ वर्षांनी तिला एक कोटी पौंडांची किंमत सांगितली गेली ती यामुळेच.

दर वर्षी थोडी नवी

शर्यतीची गाडी कपाटात जपून ठेवायची वस्तू नसते. ती जिंकण्यासाठी असते, आणि जिंकायचे तर झिजलेला भाग काढून नवा बसवावा लागतो. मागच्या वर्षी जे कमी पडले ते या वर्षी सुधारावे लागते. कारखान्यातल्या मिस्त्रींना आपण पुढच्या पिढ्यांसाठी ऐतिहासिक वस्तू सांभाळत आहोत असे वाटत नव्हते, आणि वाटण्याचे कारणही नव्हते.

१९३० च्या हंगामासाठी गाडीत मोठे फेरफार झाले. १९३१ साली कंपनीच डबघाईला आली आणि वर्षअखेर रोल्स-रॉइसच्या ताब्यात गेली. पण ही गाडी बार्नाटोमुळे पळत राहिली. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स या काँक्रीटच्या धावपट्टीवर तिने पाचशे मैलांची शर्यत जिंकली. जॅक डनफी आणि सिरिल पॉल हे तिचे चालक होते आणि सरासरी वेग होता ताशी ११८.३९ मैल, म्हणजे सुमारे १९० किलोमीटर.

१९३२ मध्ये त्याच शर्यतीसाठी तिचे इंजिनच बदलले. मूळच्या साडेसहा लिटरच्या जागी बेंटलीचे आठ लिटरचे इंजिन आले. २४ सप्टेंबर १९३२ रोजी जॅकचा भाऊ क्लाइव्ह डनफी गाडी चालवत होता. ब्रुकलँड्सच्या धावपट्टीची वळणे बशीच्या कडेसारखी वर चढवलेली होती. त्या चढाच्या माथ्यावरून गाडी बाहेर गेली आणि क्लाइव्हचा जागीच अंत झाला. मोडलेली गाडी दुरुस्त झाली, पण शर्यतीसाठी नव्हे. तिच्यावर बंद, दोन आसनी बॉडी चढवून ती रस्त्यावर चालवण्याची गाडी केली गेली. तिची शर्यतीतली चार वर्षांची कारकीर्द तिथे संपली.

या दोन इंजिनांचा हिशेब आठवी-नववीच्या वर्गात सहज करता येतो. इंजिनाची ‘लिटर’मधली क्षमता म्हणजे दट्ट्या ज्या नळकांड्यात वरखाली होतो त्याचे घनफळ, गुणिले नळकांड्यांची संख्या. जुन्या इंजिनात सहा नळकांडी होती. प्रत्येकाचा व्यास १० सेंटिमीटर आणि दट्ट्याची चाल १४ सेंटिमीटर. वर्तुळाचे क्षेत्रफळ ७८.५४ चौरस सेंटिमीटर, त्याला १४ ने आणि मग ६ ने गुणले की येतात ६,५९७ घन सेंटिमीटर. नव्या इंजिनात चाल तीच, नळकांडी तेवढीच, फक्त व्यास ११ सेंटिमीटर. उत्तर येते ७,९८३. व्यास दहा टक्क्यांनी वाढला आणि घनफळ एकवीस टक्क्यांनी. विद्यार्थ्यांना ‘असे का?’ हे जरूर विचारावे. या हिशेबाचा दुसराही एक उपयोग आहे. नळकांड्याचा व्यास मोजला की इंजिन कोणत्या मॉडेलचे आहे ते कळते, मग कागदावर काहीही लिहिलेले असो.

पुरावे तीन प्रकारचे

जुन्या गाडीचे मूळ शोधणारा माणूस तीन ठिकाणी पाहतो.

पहिला पुरावा धातूचा. इंजिनावर आणि चासीवर कोरलेले क्रमांक, भागांची मापे, ओतकामाच्या खुणा, जोडकामाची पद्धत. आपल्याकडेही जुन्या वाहनाच्या कामासाठी चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात, तो याच जातीचा पुरावा. धातू सहसा खोटे बोलत नाही. पण तो सगळे सांगतही नाही. एकाच कारखान्यात, एकाच साली, एकाच साच्यातून निघालेले दोन सुटे भाग सारखेच दिसतात. त्यांतला शर्यतीच्या गाडीवर कोणता होता आणि फडताळात कोणता पडून होता, हे धातूला विचारून कळत नाही. शिवाय क्रमांक ठोकायला छिन्नी आणि हातोडा पुरतो.

दुसरा पुरावा कागदाचा. कारखान्याच्या वह्या, दुरुस्तीच्या नोंदी, गिऱ्हाइकाला गाडी दिल्याची तारीख, नोंदणीचे दाखले, शर्यतीचे प्रवेश अर्ज. यातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे तारीख. कागदाची अडचण अशी की तो अर्धवट असतो. लिहिणाऱ्याला जे महत्त्वाचे वाटले तेवढेच तो लिहितो.

तिसरा पुरावा माणसांचा आणि चित्रांचा. आठवणी, मुलाखती, छायाचित्रे, चित्रकारांनी रंगवलेले प्रसंग. हा पुरावा सर्वांत गोड आणि सर्वांत निसरडा. तो किती निसरडा आहे हे बार्नाटोच्याच दुसऱ्या एका गाडीच्या गोष्टीवरून कळते. न्यायालयात परत जाण्याआधी ती पाहू या.

निळ्या आगगाडीची गोष्ट

१९३० च्या सुमारास फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून उत्तरेला कॅलेपर्यंत श्रीमंतांसाठी एक वेगवान आगगाडी धावत असे. तिचे डबे निळे, म्हणून तिला ‘ब्लू ट्रेन’ म्हणत. मोटार या आगगाडीला मागे टाकते अशी जाहिरात त्या काळात मोटार कंपन्या करत होत्या. बार्नाटोने त्याच्यावर कडी केली. कान येथे त्याने पैज लावली की, ही आगगाडी कॅलेला पोचायच्या आत मी मोटारीने आणि बोटीने थेट लंडनच्या माझ्या क्लबात पोचून दाखवतो.

१३ मार्च १९३० च्या संध्याकाळी तो एका मित्राला घेऊन निघाला. रात्री धुके होते आणि वाटेत टायरही फुटला. खाडी बोटीने ओलांडून दुसऱ्या दिवशी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी तो लंडनच्या क्लबात हजर झाला, तेव्हा आगगाडीला कॅलेला पोचायला चार मिनिटे बाकी होती.

ही पैज त्याने कोणत्या गाडीने जिंकली? अनेक वर्षे सगळ्यांना उत्तर ठाऊक होते. बार्नाटोकडे स्पीड सिक्सच्या चासीवर गर्नी नटिंग या बॉडी बांधणाऱ्या कारखान्याने बनवलेली एक विलक्षण गाडी होती. बुटकी, मागे उतरत गेलेल्या छपराची, चिंचोळ्या काचांची, आत मागच्या बाजूला एकच आडवे आसन असलेली. अशी गाडी एकच बनली. तिला ‘ब्लू ट्रेन बेंटली’ हेच नाव पडले होते. टेरेन्स क्युनिओ या प्रसिद्ध इंग्रज चित्रकाराने आगगाडीच्या शेजारून सुसाट पळणारी ही गाडी चित्रात रंगवली आणि लोकांच्या डोळ्यांपुढे तेच दृश्य कायमचे बसले. दिसायलाही ती शर्यत जिंकणारी वाटे, त्यामुळे कोणाला शंका येण्याचे कारण नव्हते.

पण कारखान्याच्या कागदावर एक तारीख होती. ही गाडी बार्नाटोला मिळाली मे १९३० मध्ये. पैज होती मार्चमध्ये. जी गाडी अजून तयार व्हायची होती ती कानहून निघणार कशी? पुढे नोंदी तपासल्यावर स्पष्ट झाले की, बार्नाटोने पैज जिंकली ती एच. जे. मुलिनर या कारखान्याची बॉडी असलेल्या दुसऱ्या स्पीड सिक्सने. ती चार दारांची, सरळसोट, कुटुंबाला घेऊन फिरायला जावे अशी सलून गाडी होती.

म्हणजे इथे धातू अस्सल होता, मालक अस्सल होता, पैजही खरी होती. फक्त गोष्ट चुकीच्या गाडीला चिकटली होती. कोणी मुद्दाम लबाडी केली असे मानायचेही कारण नाही. देखणी गाडी आणि देखणी गोष्ट एकमेकींकडे आपोआप ओढल्या जातात. दंतकथा अशाच तयार होतात. मोडायला मात्र एक साधी तारीख पुरते, फक्त कोणीतरी ती पाहायला हवी.

न्यायाधीशांपुढचा हिशेब

आता न्यायालयात परत येऊ. जुनी नंबर एक विकणारे होते एडवर्ड हबर्ड आणि घेणारी कंपनी होती मिडलब्रिज सिमिटार. ७ एप्रिल १९९० रोजी सौदा ठरला. नंतर कंपनीने माघार घेतली. जे विकायचे कबूल केले ती ही वस्तूच नव्हे, असे तिचे म्हणणे होते. हबर्ड न्यायालयात गेले. न्यायमूर्ती ऑटन यांनी २७ जुलै १९९० रोजी निकाल दिला.

निकालपत्रात त्यांनी गाडीचा वर्षवार हिशेबच मांडला. १९२९ च्या विजयी गाडीतले काय उरले आहे? कधीचे ते ठरवता न येणारे किरकोळ भाग सोडले तर काहीच नाही. १९३० च्या गाडीतले? तीन गोष्टी: पेडलचा दांडा, गिअरबॉक्सचे बाहेरचे कवच आणि स्टिअरिंगचा दांडा. चासीची चौकट होती, पण ती १९३१ साली निघालेल्या ‘चार लिटर’ मॉडेलची. इंजिन होते, पण ते आठ लिटरचे.

इतके वाचल्यावर वाटेल की विकणारा हरला. पण निकाल हबर्ड यांच्या बाजूने लागला.

न्यायमूर्तींनी शब्दांची फोड केली. या गाडीला ‘मूळ’ गाडी म्हणता येणार नाही, कारण १९२९ ची किंवा १९३० ची मूळ गाडी आता जगात कुठेच नाही. पण हिला नक्कलही म्हणता येणार नाही, कारण कोणी एके दिवशी सुटे भाग गोळा करून ही उभी केलेली नाही. बदल होत गेले ते थोडे थोडे, काही काळाने, चालू गाडीत. प्रत्येक नवा भाग आधीच असलेल्या गाडीत सामावला गेला. कोणत्याही एका टप्प्यावर ‘इथे जुनी गाडी संपली आणि नवी सुरू झाली’ असे बोट ठेवता येत नाही. शिवाय ‘जुनी नंबर एक मीच’ असा हक्क सांगू शकेल अशी दुसरी गाडी ना अस्तित्वात आहे, ना पूर्वी होती. म्हणून ही गाडी त्या नावाची अधिकृत वारस आहे आणि ‘अस्सल’ या अर्थाने ती जुनी नंबर एकच आहे. सौद्यात नुसता धातू विकला जात नव्हता, त्याबरोबर इतिहास आणि कीर्तीही विकली जात होती.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. दिवाणी खटल्यात इंग्लंडमधले न्यायालय ‘कोणती बाजू अधिक संभवनीय’ एवढेच पाहते. प्रयोगशाळेतल्यासारखी खात्री तिथे मागितली जात नाही. आणि न्यायाधीशांपुढचा प्रश्न होता तो कराराचा: विकणाऱ्याने जे देतो म्हटले ते तो देत आहे का? वेगळा प्रश्न विचारला असता तर याच पुराव्यावर वेगळे उत्तर आले असते.

थीसियसचे जहाज आणि आजोबांची कुऱ्हाड

हा गुंता नवा नाही. प्लुटार्क या ग्रीक लेखकाने सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे की, थीसियस या वीराचे तीस वल्ह्यांचे जहाज अथेन्सच्या लोकांनी जपून ठेवले होते. एखादी फळी कुजली की ते तिच्या जागी नवी बसवत. तत्त्वज्ञांना वादाला हा छान विषय झाला. काही म्हणत जहाज तेच, काही म्हणत ते नव्हे.

सतराव्या शतकात थॉमस हॉब्ज या इंग्रज विचारवंताने यात आणखी एक पाचर मारली. समजा, काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणीतरी गोळा करत गेला आणि सगळ्या जमल्यावर त्याच क्रमाने जोडून त्याने जहाज उभे केले. आता जहाजे दोन झाली. थीसियसचे कोणते? एकाकडे अखंड चालत आलेली परंपरा आहे, दुसऱ्याकडे मूळचे लाकूड. जुन्या गाड्यांच्या जगात हा नुसता कल्पनेचा खेळ नाही. एका गाडीची चासी एकीकडे, इंजिन दुसरीकडे, आणि दोघांवरून उभ्या राहिलेल्या दोन गाड्या एकच नाव सांगतात, असे वाद तिथे खरोखर होतात.

हा प्रश्न आपल्यालाही अनोळखी नाही. आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा वडिलांनी बदलला आणि पाते मुलाने बदलले, तरी घरात ती आजोबांचीच कुऱ्हाड. गावच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो. भिंती नव्या, कळस नवा, सभामंडप सिमेंटचा, तरी देऊळ तेच. आपल्या शरीरातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस टिकतात आणि त्यांची जागा नव्या घेतात. म्हणून चार महिन्यांनी शाळेत येणाऱ्या मुलाचे नाव कोणी पटावरून काढत नाही.

आम्हाला वाटते, या सगळ्या उदाहरणांचा निष्कर्ष एकच आहे. ‘ही तीच वस्तू आहे का?’ या प्रश्नाला ‘कशासाठी विचारता?’ हे विचारल्याशिवाय उत्तर नाही. १९२९ साली बेंटलीच्या कारखान्यात कोणत्या प्रतीचे पोलाद वापरत हे एखाद्या धातुशास्त्रज्ञाला तपासायचे असेल, तर जुनी नंबर एक त्याच्या काहीच कामाची नाही. त्याने त्या सालातली, कधी न उघडलेली एखादी साधी बेंटली शोधावी. पण शर्यतींचा इतिहास सांगणाऱ्याला ‘ती जिंकणारी गाडी दाखव’ म्हटले, तर त्याला हीच दाखवावी लागेल, कारण विजयापासून आजपर्यंतची साखळी हिच्यापर्यंतच येते. निळ्या आगगाडीच्या गाडीबाबत नेमके उलटे होते. तिथे धातू मूळचा होता, पण गोष्टीपर्यंत जाणारी साखळी मार्च आणि मे यांच्या मध्ये तुटलेली होती.

दुरुस्ती आणि पुरावा

साखळी महत्त्वाची असेल तर तिच्यातली प्रत्येक कडी जपायला हवी, आणि इथे जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांपुढे खरी पंचाईत उभी राहते. गाडी १९२९ सारखी दिसावी म्हणून नंतरची बॉडी उतरवायची, तर नंतरच्या वर्षांचा इतिहास पुसला जातो. काही न करता ठेवायची, तर गंज ती खातो. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने या बाबतीत एक सनद मान्य केली. तिचा गाभा असा की आधी जपणूक, मग दुरुस्ती. आणि जे बदलले त्याची नोंद ठेवायची.

भारतानेही या प्रश्नाला आपल्यापुरते उत्तर दिले आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती होऊन ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी वेगळी नोंदणी आली. अशा वाहनाच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. वाहन पन्नास वर्षांहून जुने हवे, मूळ रूपात राखलेले हवे आणि त्याच्या चासीत, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. आता गंमत पाहा. लंडनच्या न्यायालयाने जिला अस्सल ठरवले, त्या गाडीची चासी बदललेली, बॉडी बदललेली आणि इंजिनही बदललेले. ही अट शब्दशः लावली तर जुन्या नंबर एकला ती अवघड जाईल. यात कोणी चुकले असे नाही. न्यायालयाने परंपरा तपासली, नियम वस्तू तपासतो.

आपल्या अवतीभवती हा प्रश्न गाड्यांपेक्षा देवळांत, वाड्यांत आणि गढ्यांत जास्त भेटतो. जीर्णोद्धाराच्या उत्साहात कोरीव खांबांना तैलरंग फासला जातो, शिलालेखाचा दगड फरशीखाली जातो. देऊळ तेच राहते हे खरे, पण ते कधीचे आणि कोणी बांधलेले, हे सांगणारी कडी निघून जाते. बदलू नये असे नाही. बदलण्याआधी छायाचित्र घ्यावे, माप घ्यावे, तारीख घालून लिहून ठेवावे, एवढे तर कोणालाही करता येईल. बेंटलीच्या मिस्त्रींनी काय काढले आणि काय बसवले हे प्रत्येक वेळी लिहिले असते, तर साठ वर्षांनी पेडलचा दांडा कोणत्या सालचा यावर वकिलांना डोके खाजवावे लागले नसते.

वर्गात करून पाहण्यासारखे

विद्यार्थ्यांना घरातली किंवा गावातली एक जुनी वस्तू निवडायला सांगावी. सायकल, शिलाई मशीन, पितळी समई, शाळेची घंटा, काहीही चालेल. प्रत्येकाने कागदावर तीन रकाने आखावेत: वस्तू स्वतः काय सांगते, कागद काय सांगतात, माणसे काय सांगतात. सायकलच्या चौकटीवरचा क्रमांक पहिल्या रकान्यात, पावती दुसऱ्या रकान्यात, ‘ही आजोबांनी पहिल्या पगारात घेतली’ हे तिसऱ्या रकान्यात. मग ज्या ठिकाणी दोन रकाने एकमेकांशी जुळत नाहीत तिथे खूण करायची. सायकलचे कोणते भाग कधी बदलले याचीही यादी करायची, आणि शेवटी प्रत्येकाने एका वाक्यात लिहायचे: ही तीच सायकल आहे का, आणि कोणत्या अर्थाने?

उत्तरे वेगवेगळी येतील आणि तशीच यावीत. शिक्षकांनी बरोबर-चूक ठरवण्याची घाई करू नये. प्रत्येक उत्तराला फक्त एक प्रश्न विचारावा: हे तुला कशावरून कळले? ‘सगळे म्हणतात’ असे उत्तर आले, तर मुलांना मार्चमधली पैज आणि मे महिन्यात तयार झालेली गाडी यांची गोष्ट सांगावी.